अमोनियाची बुलेट न उघडता आतली भेग कळते का?

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. कारखान्यात निर्जल अमोनियाची आडवी बुलेट, म्हणजे दाबाखाली द्रव साठवणारी नळकांड्यासारखी टाकी आहे, कार्बन स्टीलची, वीसेक वर्षं जुनी. पाच वर्षांपूर्वी उघडली तेव्हा आतून वेल्डच्या कडेला बारीक भेगा निघाल्या, त्या ग्राइंड करून काढल्या. आता पुन्हा तपासणीची वेळ आली आहे. एक एजन्सी म्हणते, टाकी रिकामी करायची गरज नाही, बाहेरून अकूस्टिक एमिशन (दाबाखाली टाकीतून उठणारे आवाज टिपण्याची चाचणी) करू, सगळ्या भेगा कळतील. व्यवस्थापनाला शटडाउन वाचवायचा आहे. या चाचणीवर किती भरवसा ठेवावा, सेन्सर किती लागतात आणि यंत्र विकतच घ्यावं का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

मी एनडीटीमध्ये, म्हणजे वस्तू न तोडता तिची तपासणी करण्याच्या कामात, बावीस वर्षं आहे, त्यातली बरीचशी अशाच टाक्यांच्या भोवती गेली. माझं मत आधीच सांगतो: चाचणी जरूर करा. पण ज्या कोटेशनमध्ये ‘सगळ्या भेगा कळतील’ असं लिहिलंय, ते कोटेशन परत पाठवा. या पद्धतीत यंत्र ही सर्वात सोपी गोष्ट आहे, ते भाड्याने मिळतं. टाकीवर योग्य भार आणि टाकीभोवती शांतता या दोन गोष्टी मात्र तुम्हालाच द्याव्या लागतात, आणि चाचणी फसते ती बहुतेक वेळा तिथेच.

आपण बाजारात मडकं घेताना बोटाच्या पेराने वाजवून बघतो. अल्ट्रासॉनिक तपासणी त्याच जातीची: आपण लहर पाठवायची आणि परत काय येतं ते ऐकायचं. अकूस्टिक एमिशनमध्ये आपण काहीही वाजवत नाही. भांड्यावर दाब चढवतो आणि ते स्वतः कुठे करकरतंय का, याची वाट बघतो. भेगेचं टोक एक पाऊल पुढे सरकलं की तिथे साठलेली ऊर्जा एकदम सुटते आणि पत्र्यातून लहरीच्या रूपाने पसरते. पोलादाच्या टाक्यांवर आम्ही साधारण १५० किलोहर्ट्झच्या आसपास ऐकणारे पिझोइलेक्ट्रिक सेन्सर लावतो. माणसाचा कान २० किलोहर्ट्झला थांबतो, त्यामुळे टाकीला कान लावून यातलं काही कळत नाही.

कानाला ऐकू येणारं उदाहरण हवं असेल तर कल्हईवाल्याकडची शुद्ध कथलाची कांडी घ्या आणि कानाशी धरून हळूहळू वाकवा. स्पष्ट करकर ऐकू येते. आता लक्षात घ्या, त्या कांडीला कुठेही तडा गेलेला नसतो. कथलाच्या स्फटिकांची रचना वाकताना झटक्याने कूस बदलते, तिचा तो आवाज असतो. म्हणजे आवाज आला की भेग आहेच असं नाही. उलट बाजूही तितकीच खरी: भेग आहे पण आज ती हलत नाहीये, तर ती गप्प बसते. हे दोन मुद्दे एजन्सीच्या माणसाने तुम्हाला आपण होऊन सांगितले नसतील, तर मला काळजी वाटते.

आता तुमच्या टाकीतला कळीचा भाग. १९५० साली म्युनिकमध्ये योझेफ कायझर यांनी आपल्या प्रबंधात एक गोष्ट दाखवून दिली. धातूवर एकदा ताण देऊन काढून घेतला आणि पुन्हा द्यायला लागलो, तर आधीचा सर्वोच्च ताण ओलांडेपर्यंत धातू जवळजवळ गप्प राहतो. याला कायझर परिणाम म्हणतात. धातूला जणू मागचा भार आठवत असतो. मग तुमच्या बुलेटला काय आठवतंय?

अमोनियाच्या टाकीतला दाब तापमानावर चालतो. आतला द्रव २० अंशांना असेल तर गेजवर साडेसात बारच्या आसपास दिसतो, ३० अंशांना साडेदहाच्या थोडा वर, आणि ४० अंशांना साडेचौदापर्यंत जातो. गेल्या मे महिन्यात एखाद्या दुपारी तीन-साडेतीनला तुमच्या टाकीने समजा १३ बार पाहिला. आता जानेवारीत गारव्यात, साडेसात-आठ बारला सेन्सर लावून रात्रभर ऐकत बसलात, तर ती टाकी काय बोलणार? तिने याच्या दीडपटीहून जास्त सोसलेलं आहे. मी पाहिलेलं एक प्रकरण नेमकं असंच होतं. डिसेंबरात, आहे त्या दाबाला चाचणी झाली, अहवालात ‘सक्रिय स्रोत आढळला नाही’ असं लिहून आलं आणि सगळे निश्चिंत झाले. पुढे दुसऱ्याच कारणासाठी टाकी उघडली, तर डिश एंडच्या, म्हणजे टाकीच्या फुगीर टोकाच्या, गोल वेल्डला आतून भेगा होत्या. अहवालातलं वाक्य खोटं नव्हतं. त्या दाबाला स्रोत खरंच सक्रिय नव्हता.

म्हणून पहिलं काम: लॉगबुक काढा आणि गेल्या वर्षभरातला सर्वोच्च दाब शोधा. चालू टाकीसाठी सर्वसाधारण रिवाज असा की त्या दाबाच्या ११० टक्क्यांपर्यंत जायचं. १३ बार असेल तर १४.३. तुमच्या सेफ्टी व्हॉल्व्हचा सेट दाब याच्या पुरेसा वर आहे का, हे आधी पाहा. व्हॉल्व्ह बंद करून किंवा ब्लाइंड (वाट बंद करणारी चकती) टाकून चाचणी करू, असं कोणी सुचवलं तर तिथेच थांबवा. आत अमोनिया आहे, ही गोष्ट कुणीही विसरता कामा नये.

कायझर परिणामाला एक महत्त्वाचा अपवाद आहे, आणि तोच आपल्या कामाचा आहे. मागच्या उन्हाळ्यानंतर भेग वाढली असेल, तर ती जागा आता पूर्वीची राहिलेली नाही. मग जुना सर्वोच्च दाब गाठायच्या आधीच आवाज सुरू होतो. १३ बार सोसून गेलेली टाकी ११ लाच एका ठिकाणी बोलायला लागली, तर मी तो आलेख बाजूला ठेवून आधी ती जागा बघतो.

दाब वाढवायचा कसा? बहुतेक ठिकाणी वरच्या वाफेच्या जागेत नायट्रोजन सोडतात. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण तुमच्या टाकीला भेगा पडण्याचं मूळच यात आहे. कार्बन स्टीलमध्ये अमोनियामुळे होणाऱ्या ताण-क्षरणाच्या, म्हणजे ताण आणि रासायनिक मारा एकत्र आल्यावर पडणाऱ्या, भेगांना ऑक्सिजन लागतो, अगदी थोडा पुरतो. वेल्डमधला उरलेला ताण आणि अमोनियात शिरलेली हवा एकत्र आली की काम झालं. अमोनियात ०.२ टक्के पाणी असलं तर या भेगांना चांगला आळा बसतो, म्हणून निर्जल म्हणवणाऱ्या अमोनियातही मुद्दाम तेवढं पाणी ठेवतात. नायट्रोजन घेताना त्यातल्या ऑक्सिजनचं प्रमाण लेखी मागा. आणि पाण्याचं विश्लेषण शेवटचं कधी झालं ते शोधून काढा. हा कागद मिळत नसेल तर माझ्या दृष्टीने तीच मोठी बातमी आहे.

यातूनच ‘उघडायची की नाही’ या प्रश्नाचा दुसरा पदर दिसतो. टाकी उघडली की आत हवा जाते. कितीही नीट पर्जिंग केलं, म्हणजे आतली हवा हुसकून लावली, तरी पुन्हा भरताना थोडा ऑक्सिजन राहण्याचा धोका असतो. म्हणजे तपासणीसाठी उघडणं हेच नव्या भेगांचं निमित्त होऊ शकतं. तुमचं व्यवस्थापन शटडाउनच्या खर्चासाठी टाळाटाळ करत असेल, पण विनाकारण न उघडण्याला तांत्रिक आधारही आहे. अकूस्टिक एमिशनचं खरं मोल मला इथे वाटतं: उघडायची असेल तर कधी आणि कुठे बघायचं, हे ते सांगू शकतं.

आता शांततेकडे वळू. टाकीभोवती आवाज करणाऱ्या गोष्टी अगणित असतात. पंप, शेजारचा कॉम्प्रेसर, पाऊस, वाऱ्याने पाइपवर आपटणारी सैल केबल, पलीकडच्या शेडमधलं वेल्डिंग, गळणारी ग्लँड, नायट्रोजनच्या रेग्युलेटरची फुसफुस. यातले बरेच ओळखता येतात. गळतीचा आवाज सलग असतो, भेगेचा तुटक आणि टोकदार. सगळ्यात फसवा आवाज सॅडलचा, म्हणजे टाकी ज्यावर टेकलेली असते त्या आधाराचा.

एका बुलेटवर रात्री अकराला आम्ही दाब चढवत होतो. ९ बारच्या पुढे एका सॅडलच्या शिंगाजवळ (वरच्या टोकाजवळ) हिट्सचा, म्हणजे सेन्सरने टिपलेल्या आवाजांचा, पुंजका जमायला लागला. दाब वाढेल तसा पुंजका घट्ट होत गेला. सॅडलचं शिंग ही ताण एकवटण्याची जागा, त्यामुळे माझ्याबरोबरचा तरुण इंजिनिअर तिथेच खडूने खूण करायला निघाला. मी टॉर्च घेऊन खाली वाकलो. तो सरकता सॅडल होता. टाकी लांबली की तो सरकायला हवा, म्हणून त्याची बोल्टची भोकं लांबट ठेवलेली असतात. बोल्ट पुरते आवळलेले होते आणि बेस प्लेटखाली गंजाचा पापुद्रा धरला होता. टाकी सरकू पाहत होती, सॅडल अडवत होता, आणि प्रत्येक वेळी गंज कुरकुरत होता. दाब उतरवला, नट ढिले केले, ग्रीस भरलं, पुन्हा चढवला. पुंजका गेला. आदल्या दिवशी पंधरा मिनिटं दिली असती तर अख्खी रात्र वाचली असती. हाच अहवाल तसाच गेला असता तर त्या लोकांनी टाकी रिकामी केली असती.

सेन्सर किती, याला एकच आकडा नाही. तो आकडा तुमच्या टाकीवर, तुमच्या रंगावर, तुमच्या पत्र्यावर ठरतो, आणि ठरवायची रीत अगदी साधी आहे. ०.५ मिलिमीटरची यांत्रिक पेन्सिल, २एच शिसं. साधारण ३ मिलिमीटर शिसं बाहेर काढायचं, टोकाला छोटी प्लास्टिकची बाही असते ती टेकवली की ३० अंशांचा कोन मिळतो, आणि शिसं पत्र्यावर दाबून तोडायचं. टक् झालं की पत्र्यात एक लहर जाते. ती जवळजवळ दर वेळी सारखीच असते, म्हणूनच ती आमची मोजपट्टी. सेन्सरच्या अगदी जवळ शिसं तोडलं तर नव्वदीच्या वरचे डेसिबल दिसतात. इथे शून्य डेसिबल म्हणजे सेन्सरच्या टोकाला १ मायक्रोव्होल्ट, त्यामुळे ४० डेसिबल म्हणजे १०० मायक्रोव्होल्ट. मग अर्धा मीटर, एक मीटर, दोन मीटर, तीन मीटर असं लांब जात शिसं तोडत राहायचं आणि आवाज किती क्षीण होतो त्याचा आलेख काढायचा. द्रवाच्या पातळीखाली लहर पत्र्यातून द्रवातही निसटते, म्हणून तिथे ती लवकर विरते. हे काम पातळीच्या वर आणि खाली दोन्हीकडे करायला सांगा. दोन सेन्सरमधलं अंतर असं हवं की त्यांच्या मधोमध तोडलेलं शिसं किमान तीन सेन्सरना थ्रेशोल्डच्या (ज्याखालचे आवाज यंत्र मोजत नाही त्या पातळीच्या) वर ऐकू यावं. तुमच्या आकाराच्या बुलेटला साधारण १२ ते १६ सेन्सर लागतील असा माझा अंदाज आहे. पण ज्याने टाकी न बघता आकडा लिहून दिलाय, त्याला हा आलेख मागाच.

जागा कशी शोधतात तेही सांगतो, म्हणजे अहवालातल्या ठिपक्यावर किती विसंबायचं ते कळेल. समजा दोन सेन्सर ४ मीटर अंतरावर आहेत आणि एकाला आवाज दुसऱ्यापेक्षा ४०० मायक्रोसेकंद आधी पोहोचला. अशा जाड पत्र्यात लहरीचा वेग सेकंदाला ३,००० मीटर धरला, तर वाटेतला फरक १.२ मीटर. म्हणजे स्रोत मध्यबिंदूपासून ०.६ मीटर, पहिल्या सेन्सरच्या बाजूला. पण पत्र्यात एकाच धक्क्याच्या दोन-तीन प्रकारच्या लहरी वेगवेगळ्या वेगाने धावतात, आणि लांबवर कोणती आधी थ्रेशोल्ड ओलांडेल ते आवाजाच्या जोरावर ठरतं. म्हणून ठिपका वीतभर, कधी हातभरही इकडेतिकडे होतो. नंतर तपासताना ठिपक्याभोवतीचा सगळा वेल्ड बघा, नेमका ठिपका नको.

दाब एका दमात चढवत नाहीत. टप्प्याटप्प्याने चढवतात आणि प्रत्येक टप्प्याला थांबतात. मला या थांब्यांत सर्वात जास्त कळतं. दाब वाढत असताना बरंच काही कुरकुरतं: गंजाचे पापुद्रे, रंग, क्लॅम्प. थांबलो की निरोगी टाकी दोनेक मिनिटांत शांत होते. दाब स्थिर असताना, पंप बंद असताना, नायट्रोजनचा व्हॉल्व्ह मिटलेला असताना एकच जागा मिनिटामागून मिनिट ठिपके देत राहिली, तर तिथे काहीतरी स्वतःहून पुढे सरकतंय. एका बुलेटवर नोझलच्या (पाइप जोडायच्या तोंडाच्या) वेल्डजवळ अशीच जागा मिळाली होती. थांब्यात चौथ्या, सहाव्या, नवव्या मिनिटालाही ती बोलत होती, सगळे आवाज सत्तर डेसिबलच्या आसपास. बाहेरून अल्ट्रासॉनिकने आतल्या पृष्ठभागावर भेग दिसली. टाकी उघडून ओल्या फ्लुरोसंट मॅग्नेटिक पार्टिकलने (भेगेवर जमून चमकणाऱ्या चुंबकीय कणांनी) पाहिलं, तेव्हा अंधारात ती हिरवी रेघ वेल्डच्या कडेने बोटभर गेलेली होती, आणि तिच्या शेजारी दोन लहान रेघा. त्या दोन लहान रेघांनी चाचणीत एकही आवाज केला नव्हता.

त्या दोन रेघा लक्षात ठेवा. यातून या पद्धतीच्या मर्यादा कळतात. ती भेगेची खोली-लांबी सांगत नाही, त्यासाठी अल्ट्रासॉनिककडे जावंच लागतं. थांबून राहिलेली भेग ती सोडून देऊ शकते. आणि धातूचा स्वभावही बघावा लागतो. साधं मऊ पोलाद चिवटपणे फाटतं तेव्हा फारसा आवाज करत नाही. ताण-क्षरणाची भेग, हायड्रोजनमुळे ठिसूळ झालेला वेल्ड, वेल्डशेजारचा कठीण झालेला उष्णताबाधित पट्टा हे तुलनेने बोलके. तुमच्या बाबतीत शंका ताण-क्षरणाचीच आहे, त्यामुळे पद्धत रोगाला साजेशी आहे. पुलाच्या गर्डरवरच्या सावकाश वाढणाऱ्या भेगेबद्दल विचारलं असतं तर मी इतक्या विश्वासाने बोललो नसतो.

तर मग उघडणं टळेल का? खरंच काही गोष्टींवर अवलंबून आहे. टाकीला वेल्डिंगनंतर स्ट्रेस रिलीव्ह केलंय का, म्हणजे तापवून वेल्डमधला उरलेला ताण काढलाय का? पोलाद किती मजबूत प्रतीचं आहे? मजबूत प्रतीला धोका जास्त. पाण्याचं प्रमाण नेमाने राखलं जातंय का? मागच्या भेगा किती खोल होत्या, आणि ग्राइंड केल्यावर त्या जागांची जाडी मोजून ठेवली आहे का? स्ट्रेस रिलीव्ह झालेली टाकी, पाणी बरोबर, ११० टक्क्यांपर्यंत दाब नेता आला आणि थांब्यांत टाकी शांत राहिली, तर मी बाहेरून निवडक अल्ट्रासॉनिक जोडून मुदत वाढवण्याची शिफारस करण्याच्या बाजूने असेन. तुमच्या टाकीत मात्र मागच्या वेळी भेगा निघाल्या होत्या. स्ट्रेस रिलीव्हचा कागद मिळाला नाही, तर चाचणी कितीही शांत गेली तरी मी उघडायला सांगेन.

शिवाय हा निर्णय तुमच्या-माझ्या मर्जीवर नाही. दाबाखालच्या अशा टाक्यांना २०१६ चे एसएमपीव्ही (स्थिर आणि फिरत्या दाबपात्रांचे) नियम आहेत, ते पाहणाऱ्या पेसो या केंद्रीय स्फोटक सुरक्षा संस्थेचं मुख्यालय नागपूरला आहे, आणि कारखान्यांच्या सुरक्षेच्या कायद्याखालची सक्षम व्यक्ती, म्हणजे तपासणीसाठी मान्यता मिळालेला तज्ज्ञ, हीही यात येते. हायड्रोटेस्टच्या (पाणी भरून केलेल्या दाबचाचणीच्या) बदल्यात किंवा मुदतवाढीसाठी अकूस्टिक एमिशन चालेल का, हे चाचणीआधी लेखी विचारा. चाचणी झाल्यावर विचारलं तर खर्च वाया जाण्याची शक्यता असते.

यंत्र विकत घ्यायचं असेल तर मी नको म्हणेन. दोन-चार वर्षांतून एकदा लागणाऱ्या कामासाठी बहुचॅनल यंत्र घेऊन ठेवलं, तर ते चालवणारा हात तयार होत नाही, आणि या पद्धतीत आलेख वाचणारा माणूसच महाग असतो. त्याच पैशात दाब आणि तापमान सतत नोंदवणारा चांगला रेकॉर्डर बसवा. पुढच्या चाचणीत तुमचा सर्वोच्च दाब किती होता यावर वाद होणार नाही.

एजन्सीशी बोलताना पेन्सिलच्या आलेखाखेरीज अजून तीन गोष्टी मागा: दाब चढवण्याआधी किमान अर्धा तास नुसत्या पार्श्वभूमीच्या आवाजाची नोंद, सगळ्या सेन्सरची चाचणीआधी आणि चाचणीनंतर शिसं तोडून केलेली पडताळणी, आणि प्रत्येक आलेखावर त्याच वेळेचा दाब. दाब नसलेला हिट्सचा आलेख मी वाचायलाच घेत नाही.

पावसाळा सोडून, शक्यतो रात्रीची वेळ ठरवा. तारीख नक्की झाली की आदल्या दिवशी सरकत्या सॅडलचे नट ढिले करून खालून ग्रीस भरून घ्या, शिड्या आणि सैल केबल बांधून टाका. त्याच संध्याकाळी सेन्सर लावून, टाकीला हातही न लावता, अर्धा तास ऐका. तेव्हा जे काही ऐकू येईल ते टाकीच्या बाहेरचं असेल. ते शोधून बंद करा, मगच नायट्रोजनच्या सिलिंडरकडे वळा.